एआयएक्सवरून लिनक्सवर 1.1 टीबीचा ओरॅकल डेटाबेस: माटोळी बांधायच्या आत कसा हलवू?

डबेवाला_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंड्यातल्या एका सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळतो. विभाग म्हणजे मी, एक शिकाऊ मुलगी आणि एक एसी, जो पावसाळ्यात आम्हा दोघांपेक्षा जास्त राबतो. कार्डावर माझा हुद्दा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, असा आहे, ऑफिसात त्याचा 'डबा' झालाय. म्हणून हे नाव.

आमचा जुना सर्व्हर आयबीएम पॉवरचा. त्यावर एआयएक्स 7.1 (आयबीएमची युनिक्स प्रणाली) आणि ओरॅकल 11.2.0.4. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या सगळ्या शाखा त्याच्यावरच चालतात. मशीनचे सुटे भाग आता मिळेनात, म्हणून संचालक मंडळाने एकदाचा नवा इंटेल सर्व्हर घेतला. त्यावर ओरॅकल लिनक्स 8 आणि ओरॅकल डेटाबेस 19सी टाकून ठेवलंय.

डेटाफाइली मिळून 1.1 टीबी. त्यातले साधारण 380 जीबी इंडेक्स, 420 जीबी बीलॉब (सह्या, फोटो, कर्जाचे स्कॅन केलेले कागद), 210 जीबी साधी टेबलं. बाकी अनडू आणि मोकळी जागा.

जूनमध्ये एक रंगीत तालीम केली. सरळ एक्सपीडीपी (ओरॅकलचं डेटा बाहेर काढायचं साधन) लावलं, 29 तास चाललं. निघालेल्या फाइली, म्हणजे डंप, नव्या मशीनवर नेऊन इम्पडीपी (आत घ्यायचं साधन) लावलं, तर दोन दिवसांनीही ते इंडेक्सच बांधत बसलं होतं. तिसऱ्या रात्री वीज गेली. यूपीएसने 40 मिनिटं तग धरला, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. जेवढी टेबलं आली होती त्यांच्या ओळी मोजल्या, सगळ्या जुळल्या. म्हणजे डेटा बरोबर येतोय, अडचण फक्त वेळेची.

यंदा दुसरा शनिवार, मग रविवार आणि सोमवारी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. मंगळवारीही आम्ही बंद. कागदावर चार दिवस मिळतात. पण रविवारी संध्याकाळी घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-रानफळांची चौकट) बांधायची असते आणि आमच्या घरात शिडीवर चढणारा मी एकटाच उरलोय. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी 6 ते रविवारी दुपार, एवढाच वेळ धरा. सोमवार-मंगळवार राखीव.

प्रश्न: शुक्रवारी डेटाबेस बंद करून डेटाफाइलीच उचलून लिनक्सवर ठेवल्या तर? 1 गिगाबिटच्या तारेवरून 1.1 टीबी तीन तासांत जायला हवा. दोन्हीकडे ओरॅकलच आहे ना?

---

एरंडवणे_एक

फाइली जातील, उघडणार नाहीत. पॉवरवरचं एआयएक्स बिग एंडियन, इंटेलवरचं लिनक्स लिटल एंडियन.

हे मी नव्या मुलांना असं सांगतो. आपण 25 लिहिताना दोन आधी लिहितो, बोलताना मात्र पाच आधी: 'पंच-वीस'. आकडा तोच, मोठं टोक आधी की लहान टोक आधी एवढाच फरक. तुमच्याकडे पोर्तुगीजमध्ये शिकलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर ते 'व्हिंति इ सिंकु' म्हणेल, म्हणजे वीस आधी, जसं लिहिलं तसं. एकाने बोललेलं दुसऱ्याने त्याच्या क्रमाने उतरवलं की 25 चे 52 होतात. गंमत म्हणजे ओरॅकलचे नंबर आणि मजकूर दोन्हीकडे सारखेच साठवलेले असतात. घोळ असतो तो प्रत्येक ब्लॉकच्या मथळ्यात, पत्त्यांमध्ये.

व्ही$ट्रान्सपोर्टेबल_प्लॅटफॉर्म हा व्ह्यू उघडा. एआयएक्स 64 बिट क्रमांक 6, बिग. लिनक्स x86 64 बिट क्रमांक 13, लिटल. आरमॅनचं (ओरॅकलचं बॅकअपचं साधन) 'कन्व्हर्ट डेटाबेस' एंडियन सारखं असेल तरच चालतं, विंडोजवरून लिनक्सवर वगैरे. तुम्हाला ते नाही.

तुमचा रस्ता ट्रान्सपोर्टेबल टेबलस्पेसचा, म्हणजे डेटाफाइलींचे गटच्या गट उचलून न्यायचे. चालू डेटाबेसचा लेव्हल शून्य, म्हणजे पूर्ण, बॅकअप घेऊन लिनक्सवर रूपांतर करून ठेवायचा. मग रोज इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा) बॅकअप घेऊन वर चढवत राहायचं. शुक्रवारी टेबलस्पेस रीड-ओन्ली करून शेवटचा छोटा इन्क्रिमेंटल आणि मेटाडेटा तेवढा न्यायचा. ओरॅकलच्या सपोर्ट नोटमध्ये त्याच्या स्क्रिप्ट आहेत. दोन टीबीचं काम असं आम्ही एका रात्रीत उरकलंय. इंडेक्सही तयारच येतात.

फक्त एक सांगा, एडिशन कोणतं?

---

लिनक्स_शिवोली

हलवताच आहात तर पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसला जा की. लायसन्सचे पैसे वाचतील, माटोळीला सोन्याची नारळं बांधा.

---

डबेवाला_फोंडा

@लिनक्स_शिवोली, आमच्या व्याज आकारणीची पीएल/एसक्यूएल (ओरॅकलची स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा) 61 हजार ओळींची आहे. लिहिणारा माणूस कॅनडात. पुढच्या जन्मी.

@एरंडवणे_एक, तुमचा शेवटचा प्रश्न वाचूनच पोटात गोळा आला. स्टँडर्ड एडिशन. आता वाचून पाहिलं, ट्रान्सपोर्टेबल संच *बाहेर काढायला* एंटरप्राइझ लागतं, आत घ्यायला कुठलंही चालतं. बाहेर काढायचंय तिथेच मी अडकलोय. आणि एक्सपीडीपीला पॅरलल 4 (एकाच वेळी चार धागे) दिलं होतं तेही स्टँडर्डमध्ये लागू होत नाही, म्हणून ते 29 तास. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. मी लॉगची फक्त शेवटची ओळ वाचतो, ही माझी जुनी खोड.

---

आडपईकर

डबेवाले बाब, घाबरू नका. मी आयुष्यभर स्टँडर्ड एडिशनवरच काढलं. एंटरप्राइझ ही श्रीमंतांची सोय आहे, आपण हातांनी तेच करायचं.

पॅरलल नाही ना, मग एकाच वेळी पाच-सहा वेगळी एक्सपीडीपी कामं लावा. त्याला बंदी नाही. मोठी टेबलं वाटून घ्या. एकच टेबल अवाढव्य असेल तर क्वेरीमध्ये रोआयडीचा (ओळीच्या पत्त्याचा) ब्लॉक क्रमांक घेऊन त्याला चारने भागा: बाकी शून्य उरेल ते पहिल्या कामात, एक उरेल ते दुसऱ्यात. चारही तुकडे एकाच क्षणाचे असायला हवेत, तेव्हा डेटाबेस चालू असताना करत असाल तर फ्लॅशबॅक एससीएन (तो क्षण सांगणारा ओरॅकलचा क्रमांक) सगळ्यांना एकच द्या.

दुसरं. 420 जीबीचे सगळे कागद शुक्रवारीच का हलवता? 2014 साली स्कॅन केलेली सही आता बदलणार आहे का? 31 मार्चपर्यंतचे बीलॉब ऑगस्टमध्येच आरामात नेऊन ठेवा, शाखा चालू असताना. शुक्रवारी फक्त त्यानंतरचे. मात्र जुन्या कागदांत कुणी दुरुस्ती करत नाही ना, हे कर्ज विभागाला नीट विचारा. 'करत नाही' म्हणतील, तरी बदलाची तारीख ठेवणारा एक ट्रिगर लावून महिनाभर पाहा. आमच्याकडे असंच 'करत नाही' म्हणाले होते, महिन्यात 212 बदल निघाले. नव्या बाजूला घेताना बीलॉब सिक्युअरफाइलमध्ये (बीलॉब साठवायची नवी पद्धत) घ्या, इम्पडीपीच्या ट्रान्सफॉर्ममध्ये ते सांगता येतं.

तिसरं, डंप एआयएक्सच्या डिस्कवर लिहून मग कॉपी करत असाल तर एकाच कामाला दोनदा वेळ देताय. लिनक्सची डिस्क एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, एआयएक्सवर जोडा आणि थेट तिथेच लिहा. जोडताना एआयएक्स 'व्हीमाउंट: ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणून रुसेल. लिनक्सला 1024 च्या खालच्या पोर्टावरून आलेलीच विनंती चालते, म्हणून एआयएक्सवर एनएफएसओ या आज्ञेने एनएफएस_यूज_रिझर्व्ह्ड_पोर्ट्स 1 करा. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय, नुस्त्याचं (मासळीचं) जेवण सोडून. मग ओरॅकल ओआरए-27054 देईल, ते माउंटच्या पर्यायांसाठी: हार्ड लावा, आरसाइझ-डब्ल्यूसाइझ 32768 ठेवा.

इंडेक्स डंपमध्ये येतच नाहीत, फक्त त्यांची व्याख्या येते. ते 380 जीबी तिकडे नव्यानेच बांधायचे असतात, आणि इम्पडीपी ते तुमच्याकडे एकामागून एक बांधत बसलं. इंडेक्स वगळून डेटा आत घ्या, व्याख्या एसक्यूएलफाइलमध्ये काढा, फाइल सहा तुकड्यांत कापून सहा सेशनमधून चालवा. स्टॅटिस्टिक्सही वगळा, मागाहून गोळा करा. इम्पोर्ट चालू असताना आर्काइव्ह लॉगिंग बंद ठेवायचा ट्रान्सफॉर्म 12सी पासून आहे, तो वापरा आणि काम संपल्याबरोबर पूर्ण बॅकअप घ्या.

आणि शाखांच्या पीसीवर 10जी क्लायंट असतील तर ते 19सीला जोडले जाणार नाहीत, ओआरए-28040 येईल. ते आधीच बदला. काणकोणला चवथीच्या आदल्या दिवशी कोण जाणार?

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंत, ओळी मोजल्या, जुळल्या. अक्षरं पाहिलीत का? जुन्या डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, तो तक्ता) काय आहे, आणि नव्याचा? तुमच्या पतसंस्थेत मराठी नावं साठवलेली असणार. तालमीतल्या डेटाबेसवर पर्वरीचा एखादा मराठी पत्ता उघडून बघा आणि सांगा.

---

डबेवाला_फोंडा

आडपईकर बाब, काल रात्री तुमचं वाचलं आणि आज सकाळी आठ वाजता ऑफिसात येऊन पर्वरी उघडलं.

काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं. ओळभर. डंप फंक्शनने बाइट पाहिले तर 239, 191, 189, पुन्हा 239, 191, 189, जपमाळ ओढल्यासारखे. हजारो नावं अशीच. आणि मी संचालकांना लेखी कळवलं होतं की डेटा 100 टक्के जुळला.

जुना डेटाबेस यूएस7एएससीआयआय (सात बिटांचा, फक्त इंग्रजी), नवा एएल32यूटीएफ8 (सगळ्या लिप्यांचा युनिकोड). जुना कुणी कधी बनवला कोण जाणे, कॅरॅक्टर सेट न सांगता बनवला असणार. मराठी नावं जुन्या फॉन्टातली, म्हणजे साठवलेले असतात 128 च्या वरचे आकडे आणि तो फॉन्ट लावला की ते देवनागरी दिसतात. सात बिटांच्या डेटाबेसमध्ये असले आकडे असायलाच नकोत. पण शाखेतल्या पीसीवर एनएलएस_लँगही (पीसी कुठला कॅरॅक्टर सेट वापरतो ते सांगणारं सेटिंग) यूएस7एएससीआयआयच लावलेलं, म्हणून ओरॅकल मध्ये पडलंच नाही. आंधळ्याने दिलं, आंधळ्याने घेतलं, इतकी वर्षं सुखाने चाललं. आता पहिल्यांदाच मध्ये डोळस दुभाषी आला आणि त्याने 127 च्या वरचं सगळं नाकारलं.

आणि हे फक्त मराठीचं नाही. मडगाव आणि वास्कोच्या शाखांनी आसुंसांव, कोन्सेसांव ही नावं रोमनमध्ये पण पोर्तुगीज खुणांसकट टाकलीत, टिल्डवाला 'ए' आणि शेपटीवाला 'सी'. ते 227 आणि 231. फोंड्याच्या शाखेत तेच 227 कुठल्यातरी मराठी अक्षराचा तुकडा आहे. *त्याच टेबलात, त्याच कॉलममध्ये.*

1.1 टीबीची भीती आता गेली. ही दोन-अडीचशे एमबीची नावं जास्त जड आहेत.

---

एरंडवणे_एक

आडपईकर सरांना दंडवत. मी थेट टेबलस्पेसवर उडी मारली. ते शक्य असतं तर हे सगळं आणखी वाईट झालं असतं, कारण त्यात कॅरॅक्टर सेट जसाच्या तसा येतो आणि घोळ तुमच्या नव्या घरात राहायला आला असता.

नावांसाठी एक करा. जुन्या बाजूला छोटी टेबलं बनवा: सभासद क्रमांक, कॉलमचं नाव आणि यूटीएल_रॉच्या कास्ट_टू_रॉने काढलेले मूळ बाइट. रॉ प्रकाराला ओरॅकल कॅरॅक्टर सेट लावत नाही, ते बाइट जसेच्या तसे पोचतात. नव्या बाजूला पोर्तुगीज नावांना यूटीएल_आय18एनचं रॉ_टू_कॅर चालवून सांगा की हे डब्ल्यूई8एमएसविन1252 (विंडोजचा पश्चिम युरोपीय संच) आहे, झालं. मराठीला तुमचा स्वतःचा तक्ता लागेल. आयएससीआयआय (भारतीय लिप्यांचा जुना प्रमाण संच) असतं तर सोपं होतं, तिथे 'कि' आधी क आणि मग वेलांटी अशीच असते. फॉन्टात मात्र डोळ्याला दिसेल त्या क्रमाने तुकडे असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. नुसती अदलाबदल केली की 'डिचोली'ची 'िडचोली' होते आणि 'पर्वरी'ची 'पवर्री'. गावांची यादी हीच तुमची परीक्षा. गावं ओळखू आली की माणसंही येतील.

1252 मध्ये 129, 141, 143, 144 आणि 157 या जागा रिकाम्या आहेत. फॉन्ट बनवणाऱ्यांनी तिथेही अक्षरं बसवलेली असतात, म्हणून मराठीला 1252 मार्गे नेऊ नका, थेट बाइटवरूनच करा.

आणि कॉलमची लांबी. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत 3 बाइट खातो. 60 बाइटचा कॉलम 20 संकेतांत भरतो, मग ओआरए-12899. कॉलम आधी 'कॅर' मापाने बनवा, मग डेटा भरा.

मराठी ओळ कुठली आणि पोर्तुगीज कुठली हे ओळखायचं कसं, ते मात्र मला सांगता येणार नाही. शाखा कोड?

---

म्हापसा_टंकलेखक

मी संगणकवाला नव्हे. म्हापशात माझं डीटीपीचं दुकान होतं आणि 1999 ते 2006 एका पतसंस्थेची सभासद नोंद आम्ही कंत्राटावर टायपून दिली. तुमचीच की दुसरी, माहीत नाही. पण सॉफ्टवेअर तेच वाटतं.

शाखा कोडावर जाऊ नका. मडगावलाही मराठी नावं होती आणि फोंड्यालाही कोन्सेसांव होते. आम्हाला सांगितलेलं होतं, मराठी नाव असेल तर पहिल्यांदा हॅशची खूण मारायची. पासबुक छापणारा प्रोग्राम ती खूण बघून फॉन्ट बदलायचा. पडद्यावर ती दिसायची नाही. कंटाळा आला की मुलं विसरायची, मग पासबुकावर रोमन कचरा छापून यायचा आणि शाखेतून फोन यायचा, म्हणून बहुतेक ठिकाणी दुरुस्त झालेलं असेल.

---

डबेवाला_फोंडा

टंकलेखक बाब, तुम्ही आमच्या संस्थेला सापडलेला खजिना आहात. हॅश, क्रमांक 35. सात बिटांतलाच, म्हणून तालमीतल्या बिघडलेल्या डेटातही तो शाबूत होता आणि मी त्याला इतके दिवस धूळ समजत होतो. 4 लाख 12 हजार नोंदींपैकी 1 लाख 63 हजारांना हॅश आहे. हॅश नाही पण 128 च्या वरचे बाइट भरपूर, अशा 940. त्या आमची शिकाऊ मुलगी एकेक डोळ्यांनी बघतेय, तिला त्यात मजा येतेय हे आश्चर्य.

दुसरी तालीम झाली. जुने बीलॉब 365 जीबी आधीच गेले (ट्रिगर लावलाय, आतापर्यंत 17 बदल, कर्ज विभाग म्हणतो 'ते अपवाद'). उरलेले 55 जीबी बीलॉब आणि 210 जीबी टेबलं पाच कामांत थेट एनएफएसवर काढायला 5 तास 40 मिनिटं. पहिला भाग निघताच इम्पोर्ट सुरू केला, म्हणून तो दीड तासानेच मागे संपला. इंडेक्स सहा सेशनमध्ये 7 तास 20 मिनिटं. नावं, स्टॅटिस्टिक्स, ताळेबंद जुळवणं धरून एकूण 19 तास. शुक्रवारी 6 ला सुरू केलं तर शनिवारी दुपारी 1. डिझेल मी स्वतः भरून ठेवणार.

या वेळी ओळी मोजल्याच, शिवाय शाखावार ठेवींची बेरीज पैशापर्यंत जुळवली आणि गावांची यादी वाचली. डिचोली, शिरोडा, म्हार्दोळ सगळे सरळ. एकच गाव हट्टाला पेटलं होतं: 'कुर्टी'ची पहिल्या दिवशी 'कुटीर्' झाली होती. रफार दीर्घ वेलांटीला ओलांडून मागे न्यायला विसरलो होतो. तेही आता सुटलं.

एक राहिलं. 208 क्रमांकाचा तुकडा 1,912 नोंदींत आहे, माझ्या तक्त्यात त्याच्यासमोर काही नाही. फॉन्ट लावून बघितलं तर अर्धी आडवी रेघ दिसते, संयोगचिन्हासारखी. ते संयोगचिन्ह समजून टाकू का? जोडआडनावं असतील?

---

म्हापसा_टंकलेखक

टाकू नका. पुढचं अक्षर बघा, 'य' किंवा 'ह' असेल. तो अर्धा र आहे, 'कऱ्हाडकर', 'गोऱ्हे' यांतला. 'पर्ये'तला नव्हे, तो रफार, तो वेगळ्या कळीवर होता. नव्या मुलांना ती कळ सापडायची नाही, मग ती रफार मारून मोकळी व्हायची आणि कऱ्हाडकरांचे सरळ 'कर्हाडकर' व्हायचे. तशी काही नावं तुम्हाला तशीच मिळतील, ती फॉन्टाची चूक नाही, आमची.

---

एरंडवणे_एक

यात एक पुरवणी. यूटीएफ-8 मध्ये तो र दोन-तीन प्रकारे लिहिता येतो: ऱ हा एकच संकेत 0931 आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसतात सारखे, शोधताना जुळत नाहीत. काउंटरवरच्या नव्या पीसीचा कीबोर्ड कोणता देतो ते आधी बघा आणि तक्त्यात तोच घाला. नाहीतर सभासद खिडकीपाशी उभा आणि यादीत नाव सापडत नाही.

---

डबेवाला_फोंडा

बघितलं. आमचा कीबोर्ड 0931 देतो, तक्त्यात तेच घातलं. 1,912 पैकी 1,909 नावं नीट वाचता येतात. उरलेल्या तिघांच्या पुढे 'य'ही नाही आणि 'ह'ही नाही. तिघेही सावर्डे शाखेचे, उद्या तिथल्या बाईंना फोन करून जुनी पासबुकं काढायला सांगतो.